डिझेल मेकॅनिकचा आयटीआय झालाय. हायवेवरच्या गॅरेजात राहू, की ट्रान्सपोर्ट कंपनीत फ्लीट मेंटेनन्सची, म्हणजे कंपनीच्याच गाड्या सांभाळायची, नोकरी धरू?

नोकरी धरा, पण एक गोष्ट आधी विचारून. ती शेवटी सांगतो.

मी दोन्हीकडे काम केलंय. गॅरेजात गाडी बिघडली की आपलं पोट चालतं. फ्लीटमध्ये गाडी वाटेत उभी राहिली की पहिला फोन आपल्यालाच येतो. त्यामुळे इथे खोलाखोली कमी आणि बघाबघी जास्त. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचं पाणी काढायचं. पाण्याबरोबर तेलही येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगांवर संशय घ्यायचा आणि हवेतला ओलावा काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज बघायचं. ब्रेकचे लायनर किती उरलेत, लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर नीट बसलाय का, हे कसारा घाट उतरणाऱ्या गाडीत राहून गेलं तर ड्रम तापतात आणि पाय दाबूनही ब्रेक धरत नाही. गाडी परत आली की ड्रायव्हरला चहा पाजा आणि त्याला बोलू द्या. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते, हे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर सांगत नाही.

स्कॅनर मात्र शिकावाच लागेल. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या, आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत आपण ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतो ते डीईएफ, म्हणजे धूर साफ करायचं द्रावण, लागतं: 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. कोणी त्यात नळाचं पाणी घातलं की दिवा लागतो, आणि पुढे इंजिनाची ताकदच कमी होते. कोड आला म्हणून लगेच सेन्सर मागवू नका. आधी कनेक्टर आणि अर्थिंग तपासा, मल्टीमीटर खिशात ठेवा. इथेच जुने उस्ताद अडतात आणि तुमच्यासारख्यांना भाव येतो.

जिवाचं सांगतो. मागच्या चाकांच्या स्प्रिंग ब्रेक चेंबरचा (हवा गेली की स्प्रिंगने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) पट्टा कधीही उघडू नका. आतली दाबलेली स्प्रिंग माणूस मारते. चेंबर बदलायचा असेल तर आधी केजिंग बोल्टने स्प्रिंग आवळून घ्या, मगच तो उतरवा. आणि उचललेल्या टिपरखाली टेकू लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, मालक कितीही घाई करू दे.

आता विचारायची गोष्ट: ब्रेकमध्ये दोष दिसला तर माल भरलेली गाडी थांबवायचा अधिकार मला आहे का? साहेबांनी सरळ ‘हो’ म्हटलं तर पगार थोडा कमी असला तरी चालेल. ‘बघू, तेव्हाचं तेव्हा’ म्हणाले तर गॅरेजच बरं.