शर्यती किंवा उड्यांच्या स्पर्धेतल्या घोड्याचे हाल कमी करायचे तर सुरुवात कुठून करावी?

माझ्या मते मैदानापासून नाही, तबेल्यापासून. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड तयार होत असतं, पण ते सौम्य करणारी लाळ मात्र तो चावतो तेव्हाच सुटते. म्हणून दोन वेळा खुराक दिला की झालं, असं नसतं. चाऱ्याविना चार तासांहून जास्त वेळ गेला की जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान साडेसात किलो कोरडा चारा हवाच, आणि तो दिवसभर थोडा थोडा.

दुसरं, त्याला एकटं कोंडू नका. तो कळपातला प्राणी आहे. रोज मोकळं फिरणं आणि दुसऱ्या घोड्याची सोबत ही त्याची गरजच आहे, चैन नव्हे.

स्वारीच्या वेळी नाकावरचा पट्टा तपासा. नाकाच्या हाडावर, पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. करकचून आवळलं की घोडा तोंड उघडत नाही खरा, पण वेदना फक्त झाकली जाते!

कान मागे पाडणं, सतत शेपटी झटकणं, खोगीर चढवताना चावायला येणं, याला लोक खोडी म्हणतात. आधी पाठ, दात आणि खूर पशुवैद्याला दाखवा.