टोपणनावाचा आडोसा किती पुरतो?

खरे नाव न सांगता अनोळखी लोकांशी गप्पा मारण्याच्या चॅट रूमविषयी या वेळी पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशीलही आम्ही बदलले आहेत. ते का बदलावे लागले, हे पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात काम करते, तेही बहुतेक वेळा रात्रपाळीत. घटस्फोटानंतर चार वर्षे एकटीच राहते. सोबतीला तीन पायांची एक मांजर आहे. गेले वर्षभर मी एका निनावी चॅट रूममध्ये जाते. तेथे दहा-बारा नेहमीची माणसे असतात, झाडांपासून जुन्या चित्रपटांपर्यंत गप्पा होतात, आणि खरे सांगायचे तर गुरुवारच्या सुट्टीची मी त्यासाठीच वाट पाहते. धाकटी बहीण म्हणते, "ताई, हे धोक्याचे आहे, बंद कर." मी कोणालाही नाव, फोन किंवा पत्ता दिलेला नाही. मग भीती कशाची?

उत्तर : बंद करावे असे मला वाटत नाही. परक्या माणसाजवळ मन मोकळे करणे सोपे जाते, कारण तो आपल्या गोतावळ्यातला नसतो आणि ऐकलेले घेऊन निघून जाणार असतो. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने हे १९०८ मध्येच लिहून ठेवले आहे. चॅट रूमही काही कालच्या नाहीत. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था १९८८ मध्ये सुरू केली आणि तेव्हापासून टोपणनावाने जमणारी मंडळी जगभर आहेत. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दुपारी तीन वाजता बोलायला कोण भेटते? तुमची वाट पाहणारी दहा-बारा माणसे ही कमाई आहे.

मात्र नाव सांगितले नाही म्हणजे ओळख सांगितली नाही, असे तुम्ही धरून चालला आहात, ते बरोबर नाही. तुमचे पत्र मी त्या दृष्टीने पुन्हा वाचले. त्यात नाव नाही. पण स्त्री, डायलिसिस विभाग, रात्रपाळी, गुरुवारची सुट्टी, घटस्फोट, धाकटी बहीण आणि तीन पायांची मांजर एवढे आहे. यात शहराच्या नावाची भर पडली, की डायलिसिसची सोय असलेली रुग्णालये मोजता येतात आणि त्यांत गुरुवारी सुट्टी असलेली, एकटी राहणारी कर्मचारी शोधणे हे चार फोनचे काम उरते. मांजरीचे छायाचित्र तुम्ही इतरत्र कोठे स्वतःच्या नावाने टाकले असेल, तर तेवढेही कष्ट नकोत. हे सारे एका पत्रातले. वर्षभराच्या गप्पांत किती गेले असेल, याचा विचार करा.

ही केवळ माझी शंका नाही. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० मध्ये असा हिशेब मांडला होता, की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक इतर सर्वांपासून वेगळे ओळखता येतात. पुढे २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने तोच हिशेब नव्या जनगणनेवर केला, तेव्हा आकडा ६३ वर आला. तरी तो निम्म्याहून अधिकच राहिला. त्याच वर्षी एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर काय काय शोधले याची नोंद, नावांच्या जागी केवळ आकडे घालून, अभ्यासकांसाठी खुली केली आणि काही दिवसांतच पत्रकारांनी त्यातील एका आकड्यामागची बाई तिच्या घरी जाऊन गाठली.  तिने आडनावाची, गावाची, आजारांची शोधाशोध केली होती, आणि तेवढे पुरले.

म्हणून एखाद्या संध्याकाळी वही घेऊन बसा आणि त्या खोलीतील नेहमीच्या माणसांना तुमच्याविषयी काय काय ठाऊक आहे, ते आठवेल तसे लिहून काढा. यादी पाहून धक्का बसला तर पुढच्या बोलण्यात तपशील ढोबळ करा. त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. "डायलिसिस विभाग" ऐवजी "पाळ्यांचे काम" म्हटले तरी गप्पांची गोडी कमी होत नाही. चॅटमधील टोपणनाव अन्यत्र कोठेही वापरलेले नसावे आणि खात्याचा ईमेल वेगळा असावा, कारण एकच टोपणनाव दोन ठिकाणी दिसले की दोन्हीकडची माहिती जोडली जाते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कोठे काढले याची नोंद असू शकते, शिवाय खिडकीबाहेरची पाटी किंवा खुंटीवरचे ओळखपत्र आपल्या लक्षात येत नाही, समोरच्याच्या येते. मांजरीचे छायाचित्र पाठवायचेच असेल तर मूळ फाइलऐवजी कडा कापलेला स्क्रीनशॉट पाठवा.

तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगतो : रुग्णांच्या हकिकती तेथे सांगत असाल तर त्या पूर्ण थांबवा. तुमच्या ओळखीचे काय करायचे हे तुम्ही ठरवू शकता, त्यांच्या ओळखीचे नाही. आणि बहिणीला त्या चॅट रूमचे नाव आणि तुमचे टोपणनाव सांगून ठेवा. तिची काळजीही कमी होईल आणि काही विपरीत घडले तर सुरुवातीपासून समजावत बसावे लागणार नाही.

प्रश्न : व्हीपीएन घेतले की मी पूर्णपणे निनावी होतो का?

उत्तर : नाही. व्हीपीएन म्हणजे तुमचे इंटरनेट मधल्या एका कंपनीमार्फत फिरवणारी सेवा. तिच्यामुळे समोरच्याला तुमच्या आयपी पत्त्याऐवजी, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाऐवजी, व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, एवढेच. तसेही आयपी पत्त्यावरून सर्वसाधारण माणसाला फार तर तुमची इंटरनेट सेवा कोणाची आणि परिसर साधारण कोणता एवढे कळते. घराचा दरवाजा कळत नाही. काही सेवांमध्ये व्हिडिओ कॉल करताना दोन उपकरणे एकमेकांशी थेट जोडली जातात आणि आयपी पत्ता समोरच्याकडे जातो, तेथे व्हीपीएनचा उपयोग आहे. पण व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीला तुमचा खरा आयपी पत्ता दिसतोच, चॅट सेवेकडे तुमचे खाते आणि त्याच्या नोंदी असतातच, आणि तुम्ही स्वतः टाइप केलेले शब्द कोणतेही व्हीपीएन अडवत नाही.

प्रश्न : चॅट रूममध्ये ओळख झालेली एक स्त्री तीन आठवड्यांतच "तुझ्याइतके मला कोणी समजून घेतले नाही" असे म्हणू लागली आहे. आता आपण दुसऱ्या ॲपवर बोलू या, असा तिचा आग्रह आहे. व्हिडिओवर यायलाही ती तयार आहे, म्हणजे खोटी नसावी. मी ४१ वर्षांचा अविवाहित आहे. विश्वास ठेवू का?

उत्तर : तिचे म्हणणे खरेही असू शकेल. लेखी गप्पांत जवळीक भराभर वाढते, हे अभ्यासकांनी अनेकदा नोंदवले आहे. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये याचे एक कारण दाखवले : लिहिणारा विचार करून आपली चांगली बाजू मांडतो आणि वाचणारा उरलेल्या जागा आपल्या कल्पनेने भरतो, तेही बहुधा उदार हाताने. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये लिहिले, की चेहरा दिसत नसला की संकोच गळून पडतो. त्यातून माणूस कधी फार प्रेमळ होतो, तर कधी फार क्रूर. तेव्हा तीन आठवड्यांत तुमच्या मनात जे उमटले आहे ते खोटे नाही. पण ती प्रतिमा किती तिची आणि किती तुम्ही रंगवलेली, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या ॲपवर जाणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नाही. चॅट रूममध्ये गप्पांवर देखरेख ठेवणारे मॉडरेटर असतात, इतर सदस्य असतात, तक्रारीची सोय असते. ते सारे मागे राहते आणि बऱ्याच ॲपवर त्या बदल्यात तुमचा फोन नंबर समोर जातो. फसवणूक करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. म्हणून एकदा सरळ सांगून पाहा : "मला अजून काही महिने येथेच बोलायला आवडेल." मैत्री हवी असलेली व्यक्ती थोडी हिरमुसेल आणि थांबेल. जी रुसवे, अश्रू, "माझ्यावर विश्वासच नाही" असे एकामागून एक सुरू करते, तिच्या घाईमागे काहीतरी कारण आहे असे समजा. प्रश्नांचा रोखही पाहा. तुमची नोकरी, मिळकत, घरी कोण असते, हे तिला तपशिलाने ठाऊक आणि तुम्हाला तिच्या दिवसाचा एक प्रसंगही नीट सांगता येत नाही, असे असेल तर मामला एकतर्फी आहे. गुंतवणुकीची संधी, अडकलेले पार्सल, आजारी नातेवाईक यांपैकी काहीही निघाले की संभाषण तेथेच संपवा. रक्कम किती लहान आहे याला महत्त्व नाही.

व्हिडिओचे म्हणाल, तर आता आधी मुद्रित केलेले चित्रणही थेट म्हणून दाखवता येते आणि दुसऱ्याचा चेहरा लावूनही बोलता येते. चेहरा अगदी खरा असला, तरी हेतू त्यात दिसत नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे. अनोळखी व्यक्तींशी जोडून देणाऱ्या व्हिडिओ चॅटवर एका मुलीच्या सांगण्यावरून मी कॅमेऱ्यासमोर कपडे काढले. तिने ते मुद्रित केले. चित्रफीत माझ्या मित्रयादीतील सर्वांना पाठवीन अशी धमकी आली, म्हणून मी पैसे दिले. आज दुप्पट मागितले आहेत. घरी सांगण्याची हिंमत नाही.

उत्तर : हे पत्र मिळताच तुम्हाला वेगळे कळवले आहे, इतरांसाठी येथे छापत आहोत. यापुढे एक पैसाही देऊ नका. पैसे देणारा माणूस सापडला, एवढाच निरोप त्या टोळीला मिळतो आणि मागणी वाढते, हे तुम्ही कालपासून अनुभवतच आहात. मुलगी बहुधा मुलगीही नसेल. उत्तर देणे थांबवा, पण संभाषण पुसू नका : टोपणनाव, प्रोफाइलची लिंक, धमक्या, पैसे गेलेल्या खात्याचा क्रमांक आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, मग ब्लॉक करा. बँकेला कळवा, समाजमाध्यमांवरील मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी करा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. गुन्हा तुमच्याविरुद्ध घडला आहे.

खासगी चित्रे संमतीविना पसरू नयेत म्हणून २०२१ पासून चालणाऱ्या स्टॉपएनसीआयआय या सेवेचाही उपयोग होईल. चित्रफीत तुमच्याजवळ असेल तर ती कोठेही न पाठवता तिचा एक आकडी ठसा तुमच्याच उपकरणावर तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारी चित्रे आपल्या मंचावर अडवू शकतात. ही सोय १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी अमेरिकेतील एका बालसंरक्षण संस्थेची 'टेक इट डाउन' ही तशीच सेवा आहे. "पैसे द्या, आम्ही चित्रफीत पुसून देतो" असे सांगणारे कोणी भेटले तर तो दुसरा भामटा समजावा.

आणि आज रात्रीच एका माणसाला सांगा. आईवडील नसतील तर भाऊ, मामा, मित्र, कोणीही. अशा धमक्यांचे सारे बळ तुमच्या एकटेपणात असते. जिवाचे काही बरेवाईट करावे असे वाटू लागले, तर क्षणभरही न थांबता कोणाला तरी जवळ बोलवा किंवा मदतवाहिनीला फोन करा.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. बुद्धिबळाच्या एका चॅट रूममध्ये मी ते ५० सांगतो, कारण खरे वय कळले की तरुण मंडळी "काका, काळजी घ्या" म्हणून निघून जातात. परवा बोलण्याच्या ओघात, माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी शाळेत असताना रेडिओवर ऐकल्याचे सांगून बसलो आणि गोंधळ झाला. ही फसवणूक म्हणायची का?

उत्तर : चंद्रावर माणूस उतरला १९६९ मध्ये, तेव्हा गोंधळ होणारच! न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मी फरक करतो. वय विचारले तर "ते राहू द्या, तुमची चाल आहे" असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पन्नास म्हटल्याने बुद्धिबळाच्या गप्पांत कोणाचे नुकसान झाले असे मला दिसत नाही. पण तेथील कोणी त्या वयावर विसंबून जवळीक वाढवू लागले, तर त्याच दिवशी खरे सांगावे लागेल. आता पकडले गेलाच आहात, तर हसून मान्य करून टाका, आणि ती रेडिओची आठवण सविस्तर सांगा. पन्नाशीच्या माणसाकडे ती नसते.