औरंगाबाद शहराची वीज खासगी कंपनीकडून परत आली ती संपामुळे का?

नाही, संपामुळे नाही; थकबाकीमुळे. मे 2011 मध्ये महावितरणने औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) शहराची वीज वितरण व्यवस्था जीटीएल कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिली. कंपनीने महावितरणकडून वीज घ्यायची, ती शहरात पुरवायची, बिलं वसूल करायची आणि घेतलेल्या विजेचे पैसे महावितरणला द्यायचे, असा तो करार होता. ते पैसे थकत गेले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये महावितरणने कारभार परत आपल्या हाती घेतला. कामगार संघटनांचा फ्रँचायझीला विरोध होताच आणि तो रास्तही होता, कारण खांबावर चढणाऱ्या माणसाच्या नोकरीचा प्रश्न त्यात होता. पण करार तुटला तो हिशेबावर.

तुमच्या मनातला संप बहुधा जानेवारी 2023 चा असावा. तो 72 तासांचा जाहीर झाला होता आणि कारण वेगळं होतं: मुंबई परिसरात अदानी समूहाच्या कंपनीने समांतर वितरण परवाना मागितला होता. सरकारने मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा) लावला, तरी 4 जानेवारीला ऊर्जामंत्री फडणवीस यांच्याशी बोलणी होऊन त्याच दिवशी संप मागे घेतला गेला.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. फ्रँचायझीत वितरणाचा परवाना महावितरणकडेच राहतो; समांतर परवान्यात त्याच भागात दुसरी कंपनी स्वतःच्या परवान्यावर वीज विकते. दोन्हींना सरसकट ‘खासगीकरण’ म्हटलं की चर्चा भरकटते.