सिनेमाची वही: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात याच पानावर मी माझ्या सिनेमाच्या वह्यांबद्दल थोडं लिहिलं होतं. 1978 साली हळदीच्या पेढीवर कारकुनीला लागलो, तेव्हापासून पाहिलेला प्रत्येक सिनेमा वहीत उतरवत आलोय, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. पाककृतीच्या पानाला येतात तेवढी नाहीत, पण आली. माझी ओळख सांगायची तर सांगलीच्या मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून उभा जन्म गेला. सिनेमाचं शिक्षण शून्य. तेव्हा उत्तरं त्या बेतानंच घ्या.

प्रश्न: मी विट्याजवळ माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. बरीच वर्षं पाहिलेल्या चित्रपटांवर लिहितोय, स्वतःपुरतंच. परवा सगळं सलग वाचून काढलं. प्रत्येक पानावर तेच: कथा बरी, अभिनय सहज, संगीत श्रवणीय, मध्यंतरानंतर रेंगाळतो. मुलगी म्हणते, बाबा, हे सगळं मोबाइलवर मिळतं, कशाला हात दुखवता? लिहिणं बंद करावं का?

उत्तर: गुरुजी, मुलीचं म्हणणं खरं आहे. तरी बंद करू नका.

कथा काय, कोण कोण आहे, गाणी किती, हे लिहून ठेवणारे ढीगभर आहेत. खुद्द सिनेमाच्या पेट्या सांभाळायला पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण विट्याच्या एका थेटरात, दिवाळीच्या सुट्टीत, शेजारी मेहुणा बसलेला असताना तुम्ही तो बघितला तेव्हा काय झालं, हे सांभाळायला सरकारनं कुठलं खातं काढलेलं नाही. ते तुमच्याकडेच आहे.

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला. सावकारानं नाडलेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. त्या मूकपटाची एकही प्रत आज नाही. आपला पहिला बोलपट, 1931 चा ‘आलम आरा’, त्याचीही तीच गत. हे सिनेमे कसे होते याचा अंदाज आपण बांधतो तो छायाचित्रं, जाहिराती आणि बघितलेल्यांनी मागं ठेवलेल्या मजकुरावर. त्या माणसांनी ‘अभिनय सहज, संगीत श्रवणीय’ एवढंच लिहिलं असतं तर आपल्या पदरात काय पडलं असतं?

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. माझी आई माणदेशातली. लहानपणी ती खरसुंडीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघायची. पडदा मधोमध, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. यंत्र पुरुषांच्या बाजूला, त्यामुळे बायकांना सगळं उलटं दिसायचं. श्रेयनामावली वाचायचा प्रश्नच नव्हता, वाचता येत होतं कुणाला! पण आईच्या मनात त्या काळचा एक नायक पक्का डावखुरा होता. तलवार डाव्या हातात, जेवतोय डाव्या हातानं. पुढं मी तिला सांगलीत तोच नट दाखवला, तेव्हा ती पडद्याकडं बघून म्हणाली, “हा तो नव्हे. तो डावरा होता.” मी किती समजावलं, पटलं नाही. हे मी त्याच रात्री लिहून ठेवलं. त्या सिनेमाची गोष्ट मला आज आठवत नाही, आणि वहीतही नाही. काही बिघडलेलं नाही.

दुसरं पान हिशेबाचं, कारण शेवटी मी दिवाणजी. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं ना, त्यावर तेव्हा रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये छापलेली असायची. लोक तोवर जागा शोधत असतात, मी ते वाचायचो. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी धावते, म्हणजे मिनिटाला 27 मीटर आणि वर थोडी. प्रमाणपत्रावर 4115 मीटर असेल तर सिनेमा 150 मिनिटांचा. एकदा घड्याळ लावून बसलो तर, मध्यंतर वजा करता, 139 मिनिटांत ‘समाप्त’! हजार फुटांचं रीळ 11 मिनिटं चालतं. म्हणजे एक अख्खं रीळ पेटीतच राहिलेलं. खलनायकाच्या भावाला पकडल्याचं कुणी बघितलं नव्हतं आणि तो एकदम तुरुंगातच दिसला, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

चौकशी केल्यावर कळलं की बाजाराच्या दिवशी सहाच्या खेळाला असं व्हायचंच. आधी जाहिराती, मग फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, मध्यंतर, आणि खेड्यांवरच्या मंडळींना मुक्कामी एसटी गाठायची असायची. गाडी चुकली की स्टँडवर रात्र. मॅनेजर आपला रीळच गाळायचा. थेटराचं नाव सांगत नाही, मालकांची नातवंडं माझ्या ओळखीची आहेत. पण बघा, त्या बुधवारी सहाला बसलेल्या शेदीडशे माणसांनी एक वेगळाच सिनेमा बघितला. तो कुठल्याही संग्रहालयात मिळायचा नाही. माझ्या वहीत आहे.

आता करायचं काय ते सांगतो. गोष्टीला तीन ओळी, त्याउपर नाही. मग कुठं बसलात, कोण बरोबर होतं, लोक कुठं हसले, आणि लेखकानं हसवायचं ठरवलेलं नसताना कुठं हसले, हे टिपा. शिट्टी कशाला पडली, चिल्लर कुठल्या गाण्याला उडाली, बायका कुठल्या प्रसंगाला उठून गेल्या. एक दृश्य निवडा आणि त्यात जे दिसलं ते सगळं लिहा: भिंतीचा रंग, भांडी, नटीच्या चपला. ‘सहज अभिनय’ हा शब्द लिहायचा मोह झाला की पेन खाली ठेवा आणि त्या नटानं हातांचं काय केलं ते आठवा. आठवलं तर लिहा. नाही आठवलं तर अभिनय सहज नव्हता, किंवा तुम्ही भडंग खात होतात.

आणखी एक, हे आमच्या धंद्यातलं. पेढीवर कीर्द असते आणि खतावणी असते. कीर्दीत तारीखवार जे घडलं ते, आणि त्यातूनच मग एकेका माणसाच्या नावावर खतावणीत ओढायचं. मी सिनेमाचीही खतावणी केली आहे, पण नटांच्या नावानं नव्हे. बरोबर बसलेल्या माणसांच्या नावानं. बायकोचं खातं सगळ्यात मोठं. पेढीच्या मालकांचं अर्ध्या पानाचं, कारण ते मध्यंतरापर्यंत झोपायचे आणि नंतर मला आत्तापर्यंतची गोष्ट विचारायचे. एका हमाल मित्राचं खातं फार भारी आहे. मारामारीत कुणी पोतं उचललं की तो वजन सांगायचा. “त्यात भुसा हाय, दिवाणजी. पन्नास किलो असं उचलत न्हाईत.” तुमच्या बारदानात असा एकजण असेलच, गुरुजी. शाळेतला शिपाई बघा. खाती पाडून तुमची जुनी पानं पुन्हा वाचा, मग बंद करायचं की नाही ते ठरवा.

प्रश्न: तुम्ही सिनेमाला किती स्टार देता? मी दहापैकी गुण देतो, पण मित्रांशी वाद होतात. (कॉलेज विद्यार्थी, जत)

उत्तर: देत नाही, बाळा. सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग भाव बोलतो. तुझे मित्र नुसते भावावर भांडतायत. तू मोडल्यावर आत काय दिसलं ते लिही. आणि साडेसहा म्हणजे काय, पावणेसात का नाही, हे मला एकदा समजावून सांग.

प्रश्न: माझं माहेर वाई, सासर सातारा. मेणवलीच्या घाटावर आम्ही लहानपणी खेळलो. पण सिनेमात तो घाट कधी उत्तर प्रदेशातला असतो, कधी आणखी कुठला. मला मग गोष्टीत लक्षच लागत नाही, सगळा वेळ घाट बघत बसते. यजमान चिडतात. अशा वेळी सिनेमाबद्दल लिहायचं तरी काय?

उत्तर: ताई, तुम्हाला जे दिसतं ते दिल्ली-मुंबईच्या नामवंत समीक्षकाला सात जन्म दिसायचं नाही, आणि तुम्ही त्याची लाज धरताय!

‘स्वदेस’ (2004) मधलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं गाव आहे असं आपण मानून घ्यायचं, आणि घाट मात्र नाना फडणवीसांच्या मेणवलीचा. ‘गंगाजल’ (2003) ची गोष्ट बिहारची, चित्रीकरण तुमच्या वाई-साताऱ्याकडचं. सिनेमावाल्यांच्या दृष्टीनं सोय आहे: मुंबईहून एका दिवसात सगळा लवाजमा पोचतो, राहायला पाचगणी आहे, आणि दगडी घाट, जुने वाडे, नदी एकाच ठिकाणी आयती मिळते. त्यात गैर काही नाही. पण नटाच्या मागून डोक्यावर घागर घेऊन जाणारी बाई बिहारची नव्हे, तुमच्या आळीतली असते. तिची चाल तुम्ही ओळखता. तिला त्या दिवसाचे किती पैसे मिळाले, दिवसभर उन्हात उभं करून संध्याकाळी वडापाव दिला की जेवण, कोणाचा मुलगा गर्दीत दिसतो म्हणून अख्ख्या गल्लीनं थेटर गाठलं, हे तुम्हाला माहेरी एका फोनवर कळेल.

तेव्हा घाटाबद्दलच लिहा. पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, यावरून चित्रीकरण कुठल्या महिन्यात झालं ते सांगता येईल का बघा. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा चौकटीत आलीय की तिला शिताफीनं टाळलंय? उत्तर प्रदेशात पोर्तुगीज घंटा कशी चालेल! आणि यजमान चिडले तर त्यांनाही वहीत घ्या, त्यांचं खातं उघडा. तुमच्या घाटावरून निघालेली कृष्णा पुढं आमच्याकडंच येते, तेव्हा लिहिलेलं मला वाचायला पाठवायला हरकत नाही.

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही दोघं घरीच फोनवर किंवा टीव्हीवर सिनेमे बघतो. एक सिनेमा तीन संध्याकाळी पुरतो. हे ‘सिनेमा बघणं’ म्हणून वहीत धरायचं का? (इस्लामपूर)

उत्तर: धरा की. पूर्वी सिनेमाचे तुकडे रीळ पाडायचं, आता तुम्ही पाडता, एवढाच फरक. थेटरात दोन यंत्रं असायची, एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. चारच चौकटी, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. पहिल्या ठिपक्याला ऑपरेटरनं दुसरं यंत्र चालू करायचं, सातआठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की त्यावर जायचं. तो ठिपका एकदा दिसायला लागला की जन्मभर दिसतो, म्हणून मी तो कुणाला दाखवत नाही. बायकोला दाखवला होता, तिनं अजून माफ केलेलं नाही.

तुमच्या वहीत आता ठिपक्याच्या जागी हे येऊ द्या: पहिल्या संध्याकाळी कुठल्या प्रसंगाला थांबलात आणि का. कुकर झाला म्हणून, झोप आली म्हणून, की दोघांपैकी एकाला पुढचं बघवेना म्हणून? दुसऱ्या दिवशी सुरू करताना मागचं एकमेकांना सांगावं लागतं, तेव्हा दोघांच्या आठवणीत फरक पडतो का? आमच्याकडं पडतो. ती नेहमी सासूची बाजू लक्षात ठेवते. एकच पथ्य: दीडपट वेगानं पळवून बघितलात तर तसं लिहा. माझा नातू तसं बघतो आणि नट फार बडबडे आहेत म्हणून तक्रार करतो.

प्रश्न: आम्ही गावभागातले. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात वडिलांच्या नाटक-सिनेमाच्या नोंदवह्या भिजल्या. वाळवून ठेवल्या आहेत, पण पानं चिकटली आहेत आणि पुष्कळ मजकूर गेला. काही करता येईल का? आणि यापुढं लिहायचं ते कशानं लिहावं?

उत्तर: चिकटलेली पानं ओढू नका. सुकलेली वही जबरदस्तीनं उघडली की अक्षर शेजारच्या पानावर जातं. कागदाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा, तोवर वजनाखाली सपाट ठेवा, उन्हात नको. पुन्हा अशी वेळ आली (येऊ नये) तर भिजलेल्या वहीत थोड्या थोड्या पानांनंतर कोरा कागद घाला, तो बदलत राहा, आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते.

शाईपेननं लिहिलेलं पाण्यात धुऊन जातं. बॉलपेन आणि शिसपेन्सिल टिकते, हे मी पेढीच्या वह्यांवर बघितलेलं आहे: 2005 च्या पुरानंतर मालकांची शाईतली सुंदर अक्षरं निळ्या पाण्यात गेली आणि माझी पेन्सिलीतली कच्ची बेरीज जशीच्या तशी. वडिलांच्या वह्यांत ज्या ओळी लागतात, त्यांचे आत्ताच फोटो काढा आणि घरातल्या जुन्या माणसांना वाचून दाखवा. नाटकं-सिनेमे त्यांनी बरोबरच बघितलेले असणार. गाळलेल्या जागा ते भरतील, आणि त्यावरून भांडतीलही. दोघांचंही लिहून घ्या.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना एकच विनंती. सिनेमाची गोष्ट लिहून पाठवू नका. या खेपेला तिघांनी पाठवली. त्यातल्या कोरेगावच्या गृहस्थांनी शेवटही सांगून टाकलाय, आणि त्या सिनेमाची आमची दुसरी संध्याकाळ अजून व्हायची आहे.