शाळकरी मुली रेल्वे लुटारूंची तारांबळ उडवतात, असा एक जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा होता. पडक्या वाड्यात दडवलेली लूट आणि शेवटी आगगाड्यांचा पाठलाग एवढं आठवतंय. नाव काय त्याचं? आता बघण्यासारखा आहे का?

तुमच्या या खुणांवरून हा 'द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी', १९६६ सालचा. मी तो बघितला तो मुलींसाठी नाही, चोरांसाठीही नाही. मला इंजिनांचं वेड आहे म्हणून.

गोष्ट एवढीच: टोळीने टपालगाडी लुटून पैसा एका ओसाड वाड्यात लपवला. प्रकरण थंड झाल्यावर काढायला जावं तर वाड्यात मुलींचं वसतिगृह असलेली शाळा भरलेली! आणि शाळा कसली, तर सेंट ट्रिनियन्स, म्हणजे विनोदी सिनेमांच्या एका मालिकेतली, उचापतखोर मुलींची काल्पनिक शाळा. पुढे चोरावर मोर.

यातली खरी गंमत त्या काळाशी बांधलेली आहे. ८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी बकिंगहॅमशायरमध्ये खरोखरच लुटली गेली. हिरव्या सिग्नलवर हातमोजा चढवला, बॅटरीवर लाल दिवा लावला, गाडी थांबली. सुमारे २६ लाख पौंड गेले. मग एवढी डोकेबाज मंडळी शेतावरच्या घरात लपली आणि तिथे मोनोपॉलीच्या खेळावरसुद्धा बोटांचे ठसे सोडून आली. सिनेमा लागला तेव्हा त्यांतले काही जण अजून फरारच होते. (इंजिन ड्रायव्हरच्या डोक्यात मात्र जबर मार बसला होता. तो भाग सिनेमाने अर्थातच उचलला नाही.)

सिनेमात फ्रँकी हॉवर्ड या विनोदी नटाने रंगवलेला टोळीचा केशकर्तनकार म्होरक्या मजा आणतो. त्याला हुकूम देणारा सूत्रधार दिसत नाही, नुसता आवाज. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मुली त्यामानाने किती शिस्तीत गुन्हे करतात!

मधला भाग रेंगाळतो. मंत्री, अनुदान, मुख्याध्यापिकेचं लफडं हे सगळं मी पुढे पळवलं. थोरल्या वर्गातल्या मुलींकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो तेही आज खटकतं.

पण शेवटचा पाठलाग! गाड्या पुढे काय, मागे काय, सांधे बदलतायत, कोण कोणाच्या मागे लागलंय याचा पत्ता नाही. हे चित्रीकरण हॅम्पशायरमधल्या लाँगमूर लष्करी रेल्वेवर झालं. सैनिकांना रेल्वे चालवायला शिकवण्यासाठीचा मार्ग तो, १९६९ मध्ये बंदही झाला. खरी गाडी खऱ्या रुळांवर धावतेय हे डोळ्यांना कळतं.

एकच बघणार असाल तर मात्र हा नको, १९५४ चा पहिला बघा, 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स'. कृष्णधवल आहे. अ‍ॅलिस्टर सिम हा पुरुष नट त्यात मुख्याध्यापिका झालाय आणि तिचा घोड्यांच्या शर्यतींवर सट्टा घेणारा भाऊही तोच. बाईचं काम करताना तो एकदाही 'बघा, मी पुरुष आहे' असा डोळा मारत नाही. ती बाई खरीच वाटते, म्हणून हसू आवरत नाही. तो आवडला तर मग आगगाडीवाला लावा, आणि घाई असेल तर थेट पाठलागापासून.