मेट्रोच्या डब्यांची रचना बदलल्याने गर्दी खरोखर कमी होते का?

होय, काही प्रमाणात निश्चितच कमी होते, आणि माझ्या मते त्यात सर्वांत मोठा वाटा रुंद दारांचा असतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील नव्या आर-२११ गाड्यांची दारे ५० इंचांऐवजी ५८ इंच रुंद ठेवली आहेत, कारण चढणारे आणि उतरणारे प्रवासी एकमेकांना जितके कमी अडवतील, तितकी गाडी स्थानकातून लवकर सुटते. लंडनमध्ये २०१० पासून धावणाऱ्या एस स्टॉक गाड्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येत असल्याने एका डब्यातील दाटी शेजारच्या डब्यांत विभागली जाते. भिंतीलगतच्या लांब आसनांमुळे उभे राहायला जागा वाढते. मात्र बसण्याच्या जागा घटतात आणि ज्येष्ठांची गैरसोय होते, याचा विचार व्हायलाच हवा. शिवाय सिग्नल यंत्रणा जुनी असेल, तर गाड्यांची वारंवारता वाढवता येत नाही.