साहेब हो म्हणाले की नुसते कलले?

प्रश्न : मुलीच्या सायन्सच्या पुस्तकात 'इन्क्लाइन्ड प्लेन' म्हणजे उतरण असं दिलंय. त्याच आठवड्यात माझ्या साहेबांचा मेल आला, 'आय ॲम इन्क्लाइन्ड टू ॲग्री'. म्हणजे सहमत व्हायला साहेब घसरगुंडीवर बसलेत की काय! हा एकच शब्द आहे का दोन वेगळे? आणि साहेब नक्की हो म्हणालेत का?

उत्तर : शब्द एकच आहे, आणि साहेब अजून हो म्हणालेले नाहीत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पेढे वाटायला नको. 'इन्क्लाइन्ड टू' म्हणजे मन त्या बाजूला झुकलंय, पण पाय अजून जागेवरच आहेत, आणि कोणी दुसऱ्या बाजूने जोर लावला तर परत सरळ होऊ शकतं. इंग्रजीत लोक मुद्दाम ही पळवाट ठेवून बोलतात. 'आय ॲग्री' लिहायला काही जास्त वेळ लागला नसता ना!

आता मूळ. लॅटिनमधे 'इन्क्लिनारे' म्हणजे वाकवणं, एका बाजूला कलतं करणं. तिथून जुन्या फ्रेंचमधे आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. मनाचं झुकणं हा अर्थ इंग्रजांनी नंतर चिकटवलाय असं नाही हां, लॅटिनमधेच दोन्ही अर्थ होते, भिंत पण झुकायची आणि मत पण.

आणि यात नवल वाटायचं कारण नाही कारण आपण रोज हेच करतो. भिंत कलली, सूर्य कलला, मुलाचा कल गणिताकडे आहे, म्हणून कलचाचणी घेतली, मतमोजणीत सकाळी नऊला टीव्हीवर 'सुरुवातीचे कल' आले. ते कल आहेत, निकाल नाहीत, अगदी तुमच्या साहेबांसारखंच. आणि 'त्याच्या कलाने घे' हे तर मला इंग्रजीत नीट सांगताच येत नाही, समोरचा ज्या बाजूला झुकलाय त्या बाजूनेच त्याला धरायचं, उगाच ताठ करायला जायचं नाही.

इथे तुम्ही लगेच म्हणाल, कल आणि क्लाइन, दोन्हीत क आणि ल, म्हणजे नातं असणार! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण नाही. असल्या नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर जाऊ नका, फसायला होतं. ग्रीक-लॅटिनमधे जिथे जुना 'क' टिकला तिथे संस्कृतात बऱ्याच ठिकाणी 'श' येतो. ग्रीक 'डेका', आपलं दश. लॅटिन 'केंटुम', आपलं शत. ऐकण्याचा ग्रीक धातू 'क्लु', आपला 'श्रु', इथे ल चा र पण झालाय बघा. मग त्याच हिशोबाने 'क्लि'चं संस्कृतात काय व्हायला पाहिजे? 'श्रि'. आणि श्रि म्हणजे टेकणं, आधार घेणं, त्यावरूनच आश्रय! म्हणजे इन्क्लाइनचा खरा चुलतभाऊ कल नाही, आश्रय आहे. आपण कुणाचा आश्रय घेतो तेव्हा मुळात त्याला टेकून उभे राहतो. मला हे कळलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना पकडून सांगत होते, कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही.

या घराण्यातली बाकीची मंडळी पण भारी आहेत. ग्रीकमधे 'क्लिने' म्हणजे ज्यावर टेकून पडायचं ती खाट, आणि खाटेवरच्या पेशंटपाशी जाऊन तपासणं ते 'क्लिनिकल', म्हणून आजचं क्लिनिक. (आता आपणच खुर्च्यांवर बसून नंबर यायची वाट बघतो ते सोडा.) 'क्लिमा' म्हणजे उतार. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वी उतरत जाते असं धरून ग्रीकांनी तिचे पट्टे पाडले, पट्ट्यागणिक हवा वेगळी, त्यातून क्लायमेट. 'क्लिमॅक्स' म्हणजे शिडी, टेकवून ठेवायची ती. इंग्रजी लॅडर आणि लीन पण याच मुळातले. क्लाइंब मात्र या घरातला नाही, तो शिडीच्या नादाने आत घुसल्यासारखा दिसतो एवढंच.

आणि एक व्याकरणातलं. जे शब्द स्वतः उभे राहू शकत नाहीत, मागच्या शब्दाला टेकतात, त्यांना 'एन्क्लिटिक' म्हणतात, तेही याच क्लि मधून. आपला 'च' घ्या. 'मीच', 'आजच', 'नाहीच'. एकटा 'च' कधी बोलून दाखवा बरं!

सायन्समधे मात्र यात मनाबिनाचा संबंध नाही, तिथे सरळ अंशात मोजायचं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी साधारण 5 अंशांनी इन्क्लाइन्ड आहे, म्हणून दर अमावस्येला सूर्यग्रहण होत नाही, बहुतेक वेळा चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. मुलीला हे सांगा, उतरणीपेक्षा जास्त आवडेल.

प्रश्न : एका फॉर्ममधे मी 'आय ॲम प्रोन टू हेल्पिंग अदर्स' लिहिलं तर मैत्रीण हसली. इन्क्लाइन्ड आणि प्रोन एकच ना?

उत्तर : मैत्रीण बरोबर हसली. प्रोन हा लॅटिन 'प्रोनुस'वरून, म्हणजे पुढे झुकलेला, तोंडावर पडेल असा. म्हणून पालथं झोपवणं म्हणजे प्रोन पोझिशन, कोविडच्या वेळी ऑक्सिजन वाढावा म्हणून पेशंटना तसं झोपवायचे ते आठवत असेल. तर प्रोन बहुतेक वेळा नको असलेल्या गोष्टीला लागतो, ॲक्सिडेंट, चुका, इन्फेक्शन. तुमच्या वाक्यातून लोकांना मदत करायचा आजार आहे असं वाटतं. आपल्याकडे यासाठी 'प्रवण' आहे, त्याचा संस्कृतातला अर्थ पण उतरता असाच, आणि त्याच्यातला 'प्र' आणि प्रोनच्या मुळाशी असलेला 'प्रो' एकाच जुन्या मुळातले. अपघातप्रवण, पूरप्रवण असंच म्हणतो ना आपण? 'मदतप्रवण' कोणी म्हणत नाही. तिथे 'आय लाइक हेल्पिंग पीपल' लिहा आणि मोकळ्या व्हा.